पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर काय देऊ?

प्रिय ताई,
मी लातूरची. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात इंटिरिअर डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. पप्पांचं लातूरला फर्निचरचं वर्कशॉप आहे. किचन ट्रॉल्या, कपाटं, शोकेस अशी कामं असतात. वर्षभरात मी काय केलं, तर ठिपके, रेषा, माउंटबोर्डचे (जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचे) ठोकळे आणि होस्टेलच्या खोलीचं मोजमाप. एकही सोफा नाही, एकही घर नाही. शेवटच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडतात त्या परीक्षेत, बाहेरून आलेल्या सरांनी माझं मॉडेल उचललं, ‘याला काही अर्थ नाही’ म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी मराठी माध्यमातली, इंग्रजीत उत्तर सुचेपर्यंत ते निघूनही गेले होते. माझी रूममेट सहा महिन्यांचा थ्रीडीचा कोर्स करून एका ऑफिसात कामाला लागली. पप्पा विचारतात, ‘एवढे पैसे घालून माझंच काम शिकणार आहेस का? मला येत नाही असं काय शिकवतात तिथे?’ मला उत्तर देता येत नाही. दुसऱ्या वर्षाची फी जुलैत भरायची आहे. कोर्स सोडून सॉफ्टवेअर शिकू का?
– स., लातूर

प्रिय स.,

कोर्स सोडू नकोस. सॉफ्टवेअर जरूर शीक, ते सुट्टीतही शिकता येतं. पण पप्पांना उत्तर दिल्याशिवाय फी मात्र भरू नकोस. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि पैसे त्यांच्या घामाचे आहेत. म्हणून आज बाकी गोष्टींपेक्षा त्याबद्दलच जास्त लिहिते.

पप्पांना काय येतं, हे तू एका वाक्यात उरकलंस. शिकवण्याबरोबरच माझं रोजचं काम सुतारांबरोबर असतं, त्यामुळे ते मला जरा जवळून माहीत आहे. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कपड्यांच्या पूर्ण उंचीच्या कपाटाच्या उभ्या बाजू ६०० मिलिमीटर रुंद ठेवल्या तर शीटच्या रुंदीत दोन बसतात आणि २० मिलिमीटर करवतीच्या पात्याला आणि कडा साफ करायला उरतात. आता तुझ्या वर्गातल्या कुणी कपाट जरा ऐसपैस हवं म्हणून हाच आकडा ६२५ केला, की एका शीटमधून एकच बाजू निघते. उरलेली पट्टी ५९० च्या आसपास, दुसऱ्या बाजूला ती पुरत नाही. फार तर आतले कप्पे निघतील. कागदावर २५ मिलिमीटरचा फरक, आणि दहा उभ्या बाजूंना पाचाऐवजी दहा शीट फाडाव्या लागतात. पप्पा हा हिशेब कुठे लिहीत नाहीत, शीट समोर आली की त्यांना तो दिसतो. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर कोपऱ्यात किती पट्टी मारायची, लातूरच्या उन्हाळ्यात सुकणारं लाकूड कुठे उघडं ठेवायचं नाही, जड पल्ल्याला बिजागऱ्या किती, हे सगळं त्यांच्या हातात आहे. यातलं बरंचसं तुझे शिक्षक तुला इतकं चांगलं शिकवू शकणार नाहीत. हे मान्य करून पुढे जाऊ.

आता त्यांना काय विचारलं जात नाही ते बघ. पप्पा ट्रॉल्या बसवायला जातात तेव्हा ओटा आधीच बांधलेला असतो. गवंड्याने तो ३४ इंचांवर, म्हणजे साधारण ८५ सेंटिमीटरवर घेतलेला असतो, कारण मागच्या घरीही तेवढाच घेतला होता. त्या घरात स्वयंपाक कोण करतं, तिची उंची किती, ती ओट्यावर करते काय, हे कुणी विचारलेलं नसतं. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येतं. भाजी चिरायला ओटा कोपराच्या १०-१५ सेंटिमीटर खाली असला की हाताला बरं पडतं. म्हणजे ८५ चा ओटा तिला चिरण्यापुरता कसाबसा चालतो. पण तुझ्या घरी ज्वारीची भाकरी होत असणार. तिचं पीठ तळहाताच्या टाचेने रेटून मळायचं असतं, मग थापायचं. त्यासाठी खांद्यातून जोर खाली जायला हवा. पूर्वी काठवट जमिनीवर ठेवून बसून भाकरी थापायचे, तेव्हा अंगाचा भार आपोआप हातावर यायचा. आज तीच काठवट किंवा परात ८५ च्या ओट्यावर ठेवली की मळण्याची पातळी आणखी चार बोटं वर जाते. मग बाई टाचा उचलते नाही तर खांदे उचलते. रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. तिचे खांदे दुखतात आणि घरातले म्हणतात, वय झालं.

ओट्याचा दोन-अडीच फुटांचा एक तुकडा ७२-७५ सेंटिमीटरवर घेतला तर हे टळतं. खर्चात फारसा फरक पडत नाही. फक्त ओटा बांधायच्या आधी कुणीतरी त्या बाईशेजारी उभं राहून तिला भाकरी करताना बघायला हवं, मोजायला हवं आणि गवंड्याला समजेल असं काढून द्यायला हवं. तुला चार वर्षांत शिकायचंय ते हे. पप्पांच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग इथेच आहे.

आणि ही काही पुस्तकी हौस नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्ट शहरातल्या सरकारी वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. कामाला लागणारा वेळ, पडणारी पावलं मोजून, आगगाडीच्या डायनिंग कारमधली स्वयंपाकघरं अभ्यासून त्यांनी ते बसवलं. साखर-तांदळासाठी ओतता येतील असे ॲल्युमिनियमचे डबे-खण, भिंतीला दुमडून ठेवायची इस्त्रीची फळी, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. पप्पा आज लातूरमध्ये ज्या मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या करतात, त्या कामाची एक मुळी तिथे आहे. त्यांना हे सांग, आवडेल त्यांना.

आता पहिल्या वर्षाकडे येते. ठिपके-रेषा-ठोकळ्यांचं हे वर्ष जर्मनीतल्या बाउहाउस शाळेने १९१९ पासून रूढ केलं आणि तिथून जगभरच्या डिझाइन शाळांनी घेतलं. का घेतलं, हे मुलांना सांगितलं जात नाही ही माझी या शिक्षणाबद्दलची जुनी तक्रार आहे, आणि ती मी सहकाऱ्यांपाशीही करते. ठोकळ्यातून एक कोपरा कापला की उजेड कुठे पोचतो, भरीव भाग जड कधी वाटतो, दोन वस्तूंमधली मोकळी जागाही आकारच असते, हे डोळ्याला कळावं म्हणून ते असतं. तू वर्षभर ते केलंस. तुझी नजर बदलली आहे की नाही ते बघायला एक सोपी गोष्ट कर. घरी गेलीस की आजोळचा जुना वाडा किंवा माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर शिल्लक असेल तर तिथे दुपारी बस. ओसरीवरचा उजेड, माजघरातला उजेड, कोनाड्याची खोली, दाराच्या चौकटीची उंची. हे तुला वर्षापूर्वी जाणवलं नसतं असं वाटलं, तर वर्ष वाया गेलेलं नाही.

होस्टेलच्या खोलीचं मोजमाप तर तुझ्या अभ्यासक्रमातली सगळ्यात कामाची गोष्ट होती. ते ड्रॉइंग पुन्हा काढ आणि बघ. पलंग तीन बाय सहा. कपाटाचा पल्ला पूर्ण उघडला की पलंगाला लागतो का? ड्रॉवर ओढून त्याच्यासमोर वाकायला पाऊण मीटर तरी मोकळी जागा हवी, आहे का? ओला टॉवेल कुठे वाळतो? मोबाइल चार्जिंगचं सॉकेट कपाटामागे गेलं आहे का? गेलंच असेल. कारण इलेक्ट्रिशियन आधी येऊन गेला आणि सुतार नंतर आला, आणि दोघांना एकच कागद कुणी दिला नाही. कपाटाच्या पाठीला भोक पाडून सॉकेट बाहेर काढण्याचं काम पप्पांनी किती वेळा केलं आहे, त्यांना विचार. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तुला वायरिंग, प्लंबिंग, हवा, आवाज, प्रकाशयोजना हे विषय येतील. मुलं त्यांना कंटाळवाणे म्हणतात आणि पास होण्यापुरते करतात. तू तसं करू नकोस. बाथरूमचा उतार चुकला तर कितीही सुंदर टाइल लावली तरी पाणी कोपऱ्यात साचणारच.

रूममेटबद्दल. तिने काही चूक केलेली नाही. थ्रीडी चित्रं तयार करणं हे खरं काम आहे, त्याला पैसे मिळतात, आणि तिला घरी मदत करायची असेल तर तिचा निर्णय तिच्यासाठी योग्य असेल. पण तू तिच्या जागी जाऊन काय गमावशील ते बघ. तिच्यासमोर येतं तेव्हा घर ठरलेलं असतं. ओटा कुठे, खिडकी कुठे, पल्ला कुठल्या बाजूला उघडणार, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. शिवाय छान दिसणारं चित्र आता संगणक मागितल्याबरोबर काढून देतो, आणि ते काम दिवसेंदिवस स्वस्त होत जाणार. ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स ही सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना ती बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीकडून फुकट मिळतात, त्यासाठी विद्यापीठाची ओळख दाखवावी लागते. ती घे, आणि याच सुट्टीत रूममेटला मास्तरीण कर. पहिली नोकरी मिळवताना याचा फार उपयोग होतो, हे लपवत नाही.

एक गोष्ट पप्पांना प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेची नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरला असा कुठलाही कायदेशीर परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतं, आणि लावतात. त्यामुळे पदवी म्हणजे धंद्याचा परवाना, असं त्यांना सांगू नकोस. मोठ्या कार्यालयातली नोकरी, पुढे मास्टर्स, शिकवणं, परदेशी जाणं यांसाठी पदवी लागते. बाकी तिची किंमत तू चार वर्षांत काय शिकलीस तेवढीच.

परवाना नाही म्हणून जबाबदारी नाही असं मात्र कुणी समजू नये. घराचं काम निघालं की मालक पहिल्यांदा म्हणतो, ही भिंत काढून टाका, हॉल मोठा दिसेल. कुठली भिंत नुसती आडोशाची आणि कुठली भार घेणारी, हे ओळखता आलंच पाहिजे. आणि जरा शंका आली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा लागता कामा नये, कॉलम-बीमच्या तर वाटेलाच जायचं नाही. तू लातूरची आहेस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसं गेली. त्यातली कितीतरी झोपेत आपल्याच घरांखाली गेली. मातीत बांधलेल्या दगडी भिंती जाड आणि भक्कम दिसत होत्या, वर मातीचं जड माळवद होतं, पण हादऱ्यात भिंतीचे दगड एकमेकांना धरून राहिले नाहीत. तुझ्या जिल्ह्यातल्या थोरल्या माणसांना हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. बांधकामाच्या तासाला तू वर्गात सगळ्यात पुढे बस.

आता ज्युरी. ‘याला काही अर्थ नाही’ ही टीका नव्हे, कारण त्यातून तुला पुढे काय करायचं ते कळत नाही. पुढच्या वेळी एवढंच विचार, ‘सर, नेमकं कुठे?’ आणि पेन्सिल त्यांच्यासमोर ठेव. बरेच परीक्षक मग ड्रॉइंगवर खूण करतात आणि बोलायला लागतात. ती खूण तारीख टाकून जपून ठेव. कामावर कितीही कठोर बोललं तरी ऐकून घ्यायचं. तुझ्या गावावरून, भाषेवरून, कपड्यांवरून कुणी बोललं तर ते ऐकून घ्यायचं नाही, विभागप्रमुखांकडे लेखी द्यायचं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेव.

इंग्रजीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, तो त्रास खरा आहे. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, स्केल हे शब्द तर तुला आलेच आहेत. अडचण मधल्या वाक्यांची असते. म्हणून ज्युरीच्या आदल्या रात्री आपल्या डिझाइनबद्दल पाच वाक्यं लिहून काढ: कुणासाठी, अडचण काय होती, मी काय केलं, का केलं, काय अजून जमलेलं नाही. आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत. उभी राहिल्यावर अडलीस तर बोलता बोलता कोऱ्या कागदावर काढून दाखव. रेघ समोर आली की परीक्षकाचं लक्ष व्याकरणावर राहत नाही. आणि इंग्रजी सुचत नसेल तर ‘मी मराठीत सांगते’ असं म्हणायला लाजू नकोस, पुण्यात समोरच्या बहुतेकांना ते समजतं. साइटवर तर गवंडी, फरशीवाला, रंगारी, घरातली आजी यांच्याशी मराठी-हिंदीतच बोलायचं असतं. इंग्रजी शाळेतल्या माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची तिथे बोबडी वळते. तुझी वळणार नाही.

फीबद्दल थोडक्यात. राज्य सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्कमाफी दिली आहे, पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना, खासगी आणि अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. तुला ती मिळणार नाही. हे पत्र वाचणाऱ्या बारावीच्या मुलींनी आणि पालकांनी मात्र कॉलेज निवडण्याच्या आधी हा नियम नीट वाचावा. तू विद्यापीठाच्या स्वतःच्या सवलती विचार. गुणांवरची, गरजेवरची, हप्त्यांची सोय बहुतेक ठिकाणी असते आणि न मागितल्यामुळे ती पडून राहते. माउंटबोर्डचा खर्चही कमी होतो. सरावाचं मॉडेल जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचं करायचं, पांढरा बोर्ड फक्त शेवटच्याला.

कॉलेजवर आंधळा विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला बघ. लाकडाच्या वर्कशॉपमध्ये तुझे हात लागले का? एकदा तरी चालू साइटवर नेलं का? शिकवणाऱ्यांत बाहेर प्रत्यक्ष काम करणारं कुणी आहे का? तिसऱ्या वर्षाची मुलं नुसती रंगीत थ्रीडी टांगतात, की सुताराच्या हातात देता येतील अशी वर्किंग ड्रॉइंग्जही काढतात? सगळ्याची उत्तरं ‘नाही’ आली तर मला पुन्हा लिही, दुसऱ्या कॉलेजात जाण्याचा विचार करू. त्या वेळी मी तुला थांब म्हणणार नाही.

जुलैपर्यंत करायचं काम असं. घरातल्या कुणाला तरी भाकरी करताना बघ, तिचं कोपर मोज, आणि ओट्याचा तो खालचा तुकडा आणि त्याखालची एक ट्रॉली यांचं पूर्ण वर्किंग ड्रॉइंग काढ: प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, सगळी मापं मिलिमीटरमध्ये, प्लायची जाडी, लॅमिनेट, चॅनलची (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्टीची) लांबी, शीट कशी फाडायची तेही. मग तो कागद पप्पांच्या हातात दे आणि गप्प बस. एक शब्द बोलू नकोस. ते जिथे थांबून विचारतील तिथे तुझं ड्रॉइंग अपुरं आहे, तेवढं लाल पेनाने टिपून घे आणि नवं काढ. ते न विचारता कापायला घेतील, तेव्हा त्यांना सांग, की हा कागद सोलापूरच्या किंवा नांदेडच्या सुताराला पाठवला तरी आपण दोघं तिथे न जाता हीच ट्रॉली होईल, आणि ओट्याची उंची का बदलली ते आईला विचारा.

मग फीची गोष्ट काढ. लाल पेनाच्या खुणांसकट तो पहिला कागद मलाही पाठव, मला तो बघायचा आहे.

तुझी,
ताई